वळणावरची पकड आणि कडक स्प्रिंगांचा भ्रम

नवी गाडी घेतल्यानंतर वर्षा-दोन वर्षांत तिच्या हौशी मालकाला घाटातल्या वळणावर गाडीचे कलणे खटकू लागते. स्टिअरिंग वळवले की गाडीचे अंग बाहेरच्या बाजूला झुकते, मागच्या आसनावरची मंडळी हाताशी येईल तो आधार धरतात आणि मालकाच्या मनात सस्पेन्शन बदलून घेण्याचा विचार मूळ धरतो. ॲक्सेसरीजच्या दुकानात त्यावर तयार उपाय असतो : आखूड आणि कडक स्प्रिंगा बसवा, गाडी चार-पाच सेंटिमीटर खाली घ्या, कलणे बंद होईल. कलणे खरोखरच कमी होते. प्रश्न एवढाच की, कलणे कमी झाले म्हणजे रस्त्यावरची पकड वाढली का? या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि त्या एकच मानण्याची किंमत बहुधा पावसाळ्यातल्या एखाद्या ओल्या, खडबडीत वळणावर मोजावी लागते.

या गैरसमजाला छेद देणारे जुने उदाहरण फ्रान्समधले आहे. १९४८ साली लोकांपुढे आलेली ‘सिट्रॉन २ सीव्ही’ ही शेतकऱ्यांसाठी घडवलेली स्वस्त मोटार होती. नांगरलेल्या शेतातून टोपलीभर अंडी न फुटता नेता यावीत, ही तिच्याकडून अपेक्षा होती. साहजिकच तिच्या स्प्रिंगा कमालीच्या मऊ होत्या आणि वळणावर ती एवढी झुके की, पाहणाऱ्याला ती आता उलटणार असे वाटे. पण ती उलटत नसे. अरुंद टायर, अत्यल्प शक्ती आणि एवढे झुकणे असूनही तिची चारही चाके रस्ता सोडत नसत. इंग्लंडमध्ये कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९६२ साली ‘एलान’ ही छोटी स्पोर्ट्‌स कार आणली, तिच्या स्प्रिंगाही स्पोर्ट्‌स कारच्या मानाने मऊच होत्या. तरीही वळणावरच्या वागणुकीसाठी ती आजतागायत वाखाणली जाते. कडकपणा हाच पकडीचा उगम असता, तर या दोन्ही गाड्यांचा लौकिक झालाच नसता.

तळहाताएवढी जागा

गाडी आणि रस्ता यांचा संबंध फक्त चार ठिकाणी येतो. चालकासह एक हजार किलो वजनाची गाडी धरली, तर ढोबळमानाने प्रत्येक चाकावर अडीचशे किलो भार पडतो. टायरमध्ये ३२ पौंड हवा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलो दाब असेल, तर तो भार पेलायला रस्त्याला टेकलेली सुमारे ११० चौरस सेंटिमीटर जागा लागते. तळहातापेक्षा ती फारशी मोठी नाही. वळणे, थांबणे, वेग घेणे हे सारे या चार तळहातांच्या जोरावर चालते. सस्पेन्शनचे पहिले काम प्रवाशांचा आराम हे नसून, रस्ता कसाही असो, हे चार तळहात त्यावर शक्य तितक्या सारख्या दाबाने टेकलेले ठेवणे हे आहे. आराम हा त्यातून होणारा लाभ आहे.

वळणाचे गणित पाहू. तीस मीटर त्रिज्येचे वळण आपल्या घाटांत काही दुर्मिळ नाही. ते ताशी ४० किलोमीटर वेगाने घेताना टायरना गाडीच्या वजनाच्या ४२ टक्के इतके बल आडव्या दिशेने द्यावे लागते. ५० च्या वेगाला ते ६६ टक्के होते आणि ६० च्या वेगाला ९४ टक्के. वेग दीडपट झाला की गरज सव्वादोन पट होते, कारण इथे वेगाचा वर्ग मोजला जातो. साध्या टायरची कोरड्या डांबरावरची मर्यादा साठच्या आसपास, बहुधा त्याआधीच संपते आणि ओल्या रस्त्यावर तर ती खूपच अलीकडे असते. कोणत्याही स्प्रिंगेला हे गणित बदलता येत नाही.

बदलता येते ते एवढेच की, टायरमध्ये असलेली पकड वाया किती जाते. वळताना भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतो. हजार किलोची गाडी, जमिनीपासून ५५ सेंटिमीटर उंचीवर गुरुत्वमध्य आणि डाव्या-उजव्या चाकांत १४५ सेंटिमीटर अंतर, अशी मापे धरली तर वरच्या वळणावर ताशी ५० किलोमीटर वेगाला सुमारे अडीचशे किलो भार सरकतो. आतल्या दोन चाकांवर मिळून अडीचशे आणि बाहेरच्या दोन चाकांवर साडेसातशे किलो! टायरचा स्वभाव असा की, त्याच्यावरचा भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही, काहीशी कमीच भरते. त्यामुळे बाहेरच्या चाकांना जे अधिक मिळते ते आतल्या चाकांनी गमावलेल्यापेक्षा कमी असते, आणि भार जितका जास्त सरकेल तितकी गाडीची एकूण पकड घटते.

आता या हिशेबात स्प्रिंगेचा कडकपणा कुठे आला? कुठेच नाही. सरकणारा एकूण भार ठरतो तो वजन, वेग, वळणाची त्रिज्या, गुरुत्वमध्याची उंची आणि चाकांमधील अंतर यांवरून. गाडी कलली म्हणून भार सरकतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः कलल्यामुळे गुरुत्वमध्य बाहेरच्या बाजूला किंचित ढळतो, तेवढाच कलण्याचा वाटा, आणि तो लहान असतो. गाडी तीन सेंटिमीटर खाली घेतली तर अडीचशेऐवजी सुमारे २३७ किलो भार सरकेल. तेरा किलोंचा हा फायदा खोटा नाही, पण त्यासाठी काय गमवावे लागते तेही पाहायला हवे.

खड्डा आणि स्प्रिंग

गाडीच्या वजनाने स्प्रिंग दबून उभी असते. प्रवासी गाडीच्या मऊ स्प्रिंगेवर गाडीचे अंग सेकंदाला साधारण सव्वा वेळा वर-खाली होईल अशी योजना असते. अशी स्प्रिंग गाडीच्या भाराखाली सुमारे १६ सेंटिमीटर दबलेली असते. शर्यतीच्या धाटणीच्या कडक स्प्रिंगेवर ही आंदोलने सेकंदाला दोन किंवा अधिक होतात आणि तिचे दबणे अवघे सहा सेंटिमीटर उरते. याचा अर्थ असा की, चाकाखालचा रस्ता अचानक खाली गेला, तर मऊ स्प्रिंगेत चाकाला खाली ढकलत राहण्याइतका जोर बराच वेळ शिल्लक राहतो, उलट कडक स्प्रिंगेचा जोर सहा सेंटिमीटरांतच संपतो. सहा सेंटिमीटर खोल खड्डा म्हणजे जुलै महिन्यातल्या आपल्या रस्त्यांवर अगदी किरकोळ खड्डा. त्या क्षणी चाक हवेत असते आणि हवेतल्या चाकाला पकड नसते. उंचवट्यावर उलटे घडते. कडक स्प्रिंग चाकाला वर येऊ देत नाही, सगळी गाडीच वर फेकली जाते आणि ती परत खाली येईपर्यंत चारही तळहात हलके झालेले असतात.

गुळगुळीत शर्यतमार्गावर हा प्रश्न जवळजवळ येतच नाही. म्हणून तेथे कडक स्प्रिंगा चालतात, आणि गाडी जमिनीलगत ठेवून वाऱ्याचा दाब वापरायचा असेल तर त्या अत्यावश्यकही ठरतात. पण रॅलीच्या गाड्या पाहाव्यात. दक्षिणेतल्या कॉफीच्या मळ्यांतून किंवा नाशिक परिसरातल्या मातीच्या वाटांवरून धावलेल्या रॅलीच्या गाड्या खाली घेतलेल्या नसतात, उंच केलेल्या असतात. चाकाला वर-खाली जायला भरपूर वाव आणि त्या हालचालीला लगाम घालणारे उत्तम शॉक ॲब्सॉर्बर, ही त्यांची रीत. आपला ताम्हिणी किंवा वरंध घाट या दोन टोकांपैकी कोणत्या टोकाला अधिक जवळचा, हे मालकाने स्वतःच ठरवावे.

गाडी खाली घेण्याचा आणखी एक परिणाम दुकानात सहसा सांगितला जात नाही. बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट ही रचना असते. अमेरिकन अभियंता अर्ल मॅकफर्सन यांच्या नावाने ओळखली जाणारी ही रचना फोर्डने १९५० च्या सुमारास इंग्लंडमधल्या आपल्या कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांत वापरली आणि स्वस्त, सुटसुटीत म्हणून ती जगभर पसरली. तिच्यात चाकाला खालून धरणारा एक आडवा आर्म असतो. गाडी मूळ उंचीवर असताना तो साधारण आडवा किंवा चाकाकडे थोडा उतरता असतो. गाडी खाली घेतली की तो चाकाकडे चढता होतो. मग ज्या काल्पनिक बिंदूभोवती गाडीचे अंग कलते, तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा अधिक खाली जातो, म्हणजेच कलवणारी तरफ लांब होते. स्प्रिंगा मूळच्याच ठेवून अशी गाडी खाली घेतली तर ती आधीपेक्षा जास्तच कलेल! ते लपवण्यासाठी मग स्प्रिंगा आणखी कडक कराव्या लागतात. शिवाय स्टिअरिंगचा टाय रॉड आणि हा आर्म यांचे कोन परस्परांशी जुळेनासे झाले, तर खड्ड्यातून जाताना चाक स्वतःहून किंचित वळते. चालकाने स्टिअरिंग स्थिर धरलेले असते आणि गाडी मात्र आपल्या मनाने हुंदडते.

आणि स्प्रिंग कापून गाडी खाली घेण्याचा प्रकार तर निखालस घातक होय. गॅस कटरच्या उष्णतेने स्प्रिंगेच्या पोलादाचे पाणी उतरते, कापलेले टोक तिच्या बैठकीत नीट बसत नाही आणि चाक पूर्ण खाली लोंबकळले की आखूड झालेली स्प्रिंग जागेवरून सटकू शकते. कमी पैशांत होणारे काम म्हणून ते अनेक वर्षे चालत आले आहे, एवढेच त्याचे समर्थन.

नावाने फसवणारा भाग

गॅरेजमध्ये ज्याला ‘शॉकअप’ म्हणतात त्या शॉक ॲब्सॉर्बरचे नावच मुळात दिशाभूल करणारे आहे. धक्का झेलण्याचे काम स्प्रिंग करते. धक्का झेलल्यानंतर स्प्रिंगेला लागलेले झोके शमवणे हे शॉक ॲब्सॉर्बरचे काम. नळीतल्या तेलातून दट्ट्या सरकतो, बारीक झडपांतून तेल वाट काढते आणि झोक्याची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. गाडीचे अंग सेकंदाला सव्वा वेळा झुलू पाहते, तर चाक टायरच्या लवचिकतेमुळे सेकंदाला दहा-पंधरा वेळा थरथरू शकते. एकाच नळीला या दोन्ही हालचाली आवराव्या लागतात आणि तिची खरी कसोटी यातच आहे. चाक वर जाताना विरोध कमी आणि खाली येताना जास्त, अशी झडपांची रचना सर्वसाधारणपणे केलेली असते.

शॉक ॲब्सॉर्बर थकला की घाटातल्या वळणावर रस्त्याच्या सुरकुत्यांवरून चाक उड्या मारू लागते. चालकाला एवढेच जाणवते की, गाडी हळूहळू वळणाच्या बाहेर सरकते आहे. हा ऱ्हास इतका संथ असतो की रोज गाडी चालवणाऱ्याच्या तो ध्यानात येत नाही. बॉनेटचा कोपरा दाबून सोडण्याची जुनी परीक्षा प्रसिद्ध आहे. गाडी दोन-तीनदा झुलली तर शॉक ॲब्सॉर्बर गेला हे नक्की. मात्र ती झुलली नाही म्हणून तो चांगला आहे असे ठरत नाही. नळीवर तेलाचा ओघळ आणि टायरच्या पृष्ठभागावर थोड्या थोड्या अंतराने पडलेले खोलगट चट्टे या अधिक बोलक्या खुणा होत. अशा थकलेल्या शॉक ॲब्सॉर्बरवर नव्या कडक स्प्रिंगा चढवणे म्हणजे रोग वाढवणे. कडक स्प्रिंगेचे झोके अधिक जोमदार असतात आणि त्यांना आवरायला अधिक समर्थ शॉक ॲब्सॉर्बर लागतो.

म्हणूनच गाडीत एकच बदल करण्याइतका पैसा असेल, तर चांगल्या प्रतीचे नवे शॉक ॲब्सॉर्बर हा बदल करावा आणि स्प्रिंगा मूळच्या ठेवाव्यात. गाडी थोडी कलेल, पण ती एका हालचालीत कलून तिथे स्थिर राहील. कलण्याचा वेग नियंत्रणात आला की चालकाचा निम्मा अविश्वास तिथेच संपतो. गॅस भरलेल्या एकनळी शॉक ॲब्सॉर्बरचा उपयोग इथे होतो. फ्रेंच संशोधक द कार्बाँ यांच्या कल्पनेवर आधारलेली ही रचना जर्मनीच्या बिलस्टाइन कंपनीने १९५० च्या दशकात उत्पादनात आणली. तेल आणि गॅस यांच्यामध्ये सरकता दट्ट्या असल्याने तेलाचा फेस होत नाही आणि लांब, खडबडीत घाटात तापल्यावरही तिचा विरोध ढिला पडत नाही.

हल्ली मिळणाऱ्या कॉइलओव्हर संचांत उंची आणि विरोध दोन्ही कमी-जास्त करण्याची सोय असते. त्या सोयीचा उपयोग बहुतेक मालक एकाच प्रकारे करतात : सगळी बटणे शेवटच्या टोकापर्यंत फिरवून. विरोध प्रमाणाबाहेर वाढवला की खड्ड्यात गेलेले चाक पुरते खाली येण्याआधीच पुढचा खड्डा येतो. अशा रस्त्यावर गाडी आपोआप खाली खाली बसत जाते आणि शेवटी रबरी ठोकळ्यांवर आपटते. योग्य जागा सहसा मधली असते. ती शोधायची तर दोन-तीन टप्पेच बदलून, त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने पुन्हा चालवून पाहावे लागते.

पुढे किती, मागे किती

गाडीचा एकूण सरकणारा भार कमी करता आला नाही तरी तो पुढच्या आणि मागच्या चाकांत कसा वाटला जावा, हे मात्र ठरवता येते. सस्पेन्शनमधील सुधारणेचे सर्वांत रंजक आणि सर्वांत धोक्याचे अंग हेच. डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी पोलादी पिळदार कांब म्हणजे अँटी-रोल बार. गॅरेजच्या भाषेत स्टॅबिलायझर बार. एक चाक वर आणि दुसरे खाली जाऊ लागले की ती पिळते आणि कलण्याला विरोध करते. ज्या बाजूची कांब जाड, त्या बाजूच्या चाकांत भार अधिक सरकतो आणि त्या बाजूची पकड घटते.

पुढचे इंजिन आणि पुढच्या चाकांना शक्ती, अशी बहुतेक छोट्या गाड्यांची रचना असते. जोरात वळवल्यास अशा गाडीचे नाक वळणाबाहेर जाते. याला अंडरस्टिअर म्हणतात. अशा वेळी पुढची कांब जाड केली तर कलणे कमी होईल, पण नाक आणखी बाहेर जाईल. शिवाय आतले पुढचे चाक इतके हलके होईल की वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबल्यावर ते जागीच फिरत राहील. साधा डिफरेन्शियल दोन्ही चाकांना सारखाच पिळ देतो, म्हणजे हलक्या चाकाला पेलेल तेवढाच भारी चाकालाही मिळतो. चढावरच्या ओल्या वळणावर गाडी नुसती गुरगुरते आणि पुढे सरकत नाही, त्याचे कारण हेच. म्हणून अशा गाड्यांत जाणकार मागची कांब जाड करतात. त्यामुळे भारस्थानांतराचा अधिक वाटा मागची चाके उचलतात, पुढचे आतले चाक रस्त्यावर दबून राहते, नाक वळते आणि ट्रॅक्शनही सुधारते. कोपऱ्यात मागचे आतले चाक क्षणभर उचलले गेले तरी बिघडत नाही, कारण त्याला शक्ती द्यायची नसते.

पण इथे थांबावे कुठे हे कळणे महत्त्वाचे. कारखान्यातून गाडी अंडरस्टिअरकडे झुकलेली सोडण्यात अभियंत्यांचे अज्ञान नसते, त्यामागे हेतू असतो. नाक बाहेर जाऊ लागले की घाबरलेला चालक ॲक्सिलरेटर सोडतो, गाडीचा भार पुढे येतो आणि ती परत वळते. मागची पकड कमी केलेल्या गाडीत तोच चालक तीच कृती करतो तेव्हा गाडीचे शेपूट बाहेर फेकले जाते. उतारावर, पावसात, मागे सामान नसताना आणि मागचे टायर झिजलेले असताना तर हमखास. उतारावरच्या वळणात ब्रेक दाबण्याची सवय किती जणांना असते, हे कोणत्याही रविवारी आपल्या घाटांत दिसते.

या समतोलाच्या बाबतीत मोठमोठ्या कंपन्यांनाही ठेचा लागल्या आहेत. ऑक्टोबर १९९७ मध्ये मर्सिडीजची नवी कोरी ‘ए-क्लास’ स्वीडनमधल्या एका मोटार-नियतकालिकाच्या चाचणीत उलटली. रस्त्यावर अचानक आडवे आलेले एल्क हे सांबरासारखे धिप्पाड जनावर चुकवण्यासाठी गाडी झटकन एका बाजूला आणि लगेच दुसऱ्या बाजूला वळवणे, अशी ती चाचणी होती. कंपनीला विक्री थांबवावी लागली. गाडीचे सस्पेन्शन बदलण्यात आले, ती खाली घेतली गेली, टायर बदलले आणि घसरण आवरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सर्व ए-क्लास गाड्यांना बसवण्यात आली. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच ऑडीच्या ‘टीटी’ या देखण्या गाडीवर अतिवेगातील अपघातांनंतर सस्पेन्शन बदलण्याची वेळ आली; पाठीमागे एक छोटा पंख लावून मागच्या चाकांवर हवेचा दाब वाढवण्यात आला. दोन्ही ठिकाणी सुधारणा झाली ती चाचणीमार्ग, संगणक आणि अनुभवी चालक यांच्या भरवशावर. एका गल्लीतल्या गॅरेजला ही सोय नसते.

स्प्रिंगांची पुढची-मागची जोडी फोडू नये यालाही जुना आधार आहे. रोल्स-रॉइसमधून अमेरिकेत गेलेल्या मॉरिस ऑली या इंग्रज अभियंत्याने १९३० च्या दशकाच्या प्रारंभी कॅडिलॅकमध्ये एका गाडीवर हलवता येणारी वजने लादून प्रयोग केले. पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ असल्या तर उंचवटा ओलांडल्यावर पुढचा आणि मागचा झोका लवकरच एकमेकांशी जुळतो आणि गाडी डुचमळत नाही, असे त्यांना आढळले. केवळ पुढच्या दोन स्प्रिंगा कडक करून आणणाऱ्याची गाडी द्रुतगती मार्गावरच्या सांध्यांवर घोड्यासारखी का डुलते, याचे उत्तर या प्रयोगात आहे.

आधी काय करावे

सुधारणेचा क्रम बहुधा उलटा लावला जातो. आधी दिसणाऱ्या गोष्टी आणि मग, पैसे उरलेच तर, कामाच्या. बॉनेट उघडताच चमकणारा रंगीत स्ट्रट बार हे त्याचे नमुनेदार उदाहरण. आजच्या बंदिस्त सांगाड्याच्या गाड्यांत रस्त्यावरच्या वेगाला त्याचा परिणाम जाणवण्याजोगा असतोच असे नाही, पण मित्रमंडळींना दाखवायला तो उत्तम. मोठ्या व्यासाच्या जड अलॉय रिमची कथा थोडी अधिक गंभीर. स्प्रिंगेच्या खालचे वजन वाढले की चाकाला खड्ड्याचा माग काढणे अवघड जाते, आणि टायरची भिंत बुटकी झाल्याने जो धक्का रबराने गिळला असता तो रिमला बसतो.

वस्तुतः सुरुवात टायरपासून करावी, कारण शेवटी सारे काही त्या चार तळहातांपाशी येऊन थांबते. कंपनीने सांगितलेल्या मापाचे, चांगल्या रबराचे नवे टायर आणि थंड टायरमध्ये मोजलेली योग्य हवा यांनी ओल्या रस्त्यावर जो फरक पडतो तो कोणत्याही स्प्रिंगेने पडत नाही. दोनच नवे टायर घेतले तर ते मागे बसवावेत. गाडी पुढच्या चाकांनी ओढली जात असली तरीही, कारण मागची पकड आधी सुटणे हे अधिक घातक.

त्यानंतर रबरी बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड आणि टाय रॉडची टोके तपासून घ्यावीत. सहा-सात वर्षे वापरलेल्या गाडीत बुशांचे रबर चिरते, आर्म पुढे-मागे हलू लागतो आणि ब्रेक दाबताच चाकाची दिशा बदलते. अनेकदा कडक सस्पेन्शनची गरज वाटणाऱ्या मालकाला प्रत्यक्षात नवे बुश हवे असतात. पॉलियुरेथेनचे बुश अधिक काळ ताठ राहतात. त्यांची किंमत कुरकुर आणि केबिनमधला वाढलेला आवाज या रूपाने द्यावी लागते. मूळच्याच जातीचे रबरी बुश बसवले तरी दहापैकी नऊ मालकांना ते पुरावेत.

मग व्हील अलाइनमेंट. गाडी कलते तेव्हा बाहेरचे चाकही बाहेरच्या बाजूला झुकते आणि टायरच्या कडेवर भार येतो. चाकांचा माथा आधीच एखादा अंश आत झुकलेला ठेवला, म्हणजे ऋण कॅम्बर दिला, तर वळणात टायर सपाट टेकतो. अनेक छोट्या गाड्यांत कॅम्बर बदलण्याची सोय मुळात नसते, ती विशेष बोल्ट वापरून करून घ्यावी लागते. अंशापेक्षा फार पुढे गेल्यास टायरची आतली कड झिजते आणि सरळ रेषेतले ब्रेकिंगही घटते. एवढे सारे झाल्यावर नवे शॉक ॲब्सॉर्बर, आणि त्यानंतरही असमाधान राहिलेच तर मागची किंचित जाड कांब किंवा मूळपेक्षा थोड्याच कडक, थोड्याच आखूड, शॉक ॲब्सॉर्बरशी जुळवून बनवलेल्या स्प्रिंगा. इथपर्यंत पोहोचलेल्या बहुतेकांना पुढची पायरी आवश्यक वाटत नाही, हा या क्रमाचा मोठा गुण.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांपासून वेगळे होतील असे बदल वाहनात करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा कडक अर्थ लावला. मूळ मापाचे टायर, बुश वा शॉक ॲब्सॉर्बर बदलणे ही देखभाल झाली. गाडीची उंची आणि ठेवण बदलणे ही वेगळी गोष्ट. बदलाची कल्पना विमा कंपनीला दिलेली नसेल तर अपघातानंतर दाव्याच्या वेळी वाद उद्भवू शकतो. ज्या गाड्यांत घसरण आवरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आहे, तिचे हिशेबही मूळ सस्पेन्शन आणि टायर गृहीत धरून बसवलेले असतात.

काम करून घेताना एका बारीक गोष्टीवर लक्ष ठेवावे. आर्मचे रबरी बुश धरणारे बोल्ट गाडी जॅकवर असताना, चाके लोंबकळत असताना पूर्ण आवळले, तर गाडी खाली उतरवताच रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते आणि काही महिन्यांत फाटते. ते बोल्ट जॅकवर हलकेच लावून, गाडी चाकांवर उभी केल्यावर शेवटचे आवळायचे असतात. घाईच्या गॅरेजमध्ये हे हमखास राहून जाते. नव्या स्प्रिंगा पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये थोड्या बसतात, म्हणून अलाइनमेंट एकदा लगेच आणि एकदा हजारभर किलोमीटरनंतर करून घ्यावी. त्याच वेळी हेडलॅम्पचा झोतही भिंतीवर पाडून तपासावा, कारण गाडीचे नाक दोन सेंटिमीटर जरी खाली-वर झाले तरी झोत एक तर पायाखालचाच रस्ता उजळतो किंवा समोरच्याचे डोळे दिपवतो.